दोन ठोके म्हणजे भरला

पडद्यावरचा नट जिना चढतो तो दिसण्यापुरता. ऐकण्यापुरता मी चढतो.

पस्तीस-छत्तीस वर्षं हेच काम केलं. मुंबईत एका स्टुडिओच्या तळघरात एक खोली, समोर पडदा आणि खाली जमिनीत केलेले चौकोनी खड्डे. एकात फरशी, एकात फळ्या, एकात वाळू, एकात खडी. शूटिंगच्या वेळी माईक नटांच्या बोलण्यावर धरलेला असतो, त्यामुळं बाकीचे आवाज नीट येत नाहीत. पावलं, कपड्याची सळसळ, कपबशी, किल्ली, दाराची कडी, हे सगळं नंतर चित्र बघत बघत नव्यानं करावं लागतं. त्याला फॉली म्हणतात. गावाकडं मी "पिच्चरला आवाज देतो" एवढंच सांगायचो. मग एका लग्नात मंडळींनी माझ्या हातात माईक दिला आणि म्हणाले, "म्हणा एखादं."

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. मी सातवी पास. ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती आहेच, ती ते सांभाळून घेतील. दुसरी धास्ती त्यांना सांभाळता येणार नाही. हा अंक आमच्या गावातल्या दूध डेअरीत जातो, आणि तिथं माझी थोरली बहीण तो पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. तिनं हे वाचावं म्हणून लिहितोय. वाचू नये असंही वाटतंय.

गमती आधी सांगून टाकतो.

हाड मोडल्याचा आवाज करायला बरेच जण कोबीचा दांडा पिळतात. मी ज्वारीचा कडबा वापरतो. गुडघ्यावर धरून एकदम मोडला की ऐकणारा स्वतःचा हात चाचपतो. मुंबईत कडबा कुठला मिळायला? परळीहून रेल्वेनं पेंढी घेऊन निघालो, तर टीसीनं विचारलं, "जनावर कुठंय?" म्हटलं, "मीच." तो हसला नाही. पुढच्या स्टेशनपर्यंत मला दारात उभं केलं.

एका मोठ्या नटीची उंच टाचांची पावलं बऱ्याच सिनेमांत माझी आहेत. एकदा ती स्वतः बघायला आली. मी लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मिशीला घाम, पायात बायकांचे सँडल, आणि पडद्यावर ती रुसून जिना उतरतेय. तिनं शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "दादा, मला असं रुसता यायला हवं होतं." नाव सांगणार नाही. सांगितलं तरी कुणाला खरं वाटणार नाही.

आणि लंगड्या माणसाची पावलं. या धंद्यात माझं नाव झालं ते त्यानं. म्हातारा शिपाई असो, खलनायक असो, पायात गोळी लागलेला फौजदार असो, दुसऱ्या स्टुडिओतूनही बोलावणं यायचं. लोक म्हणायचे, तुमच्यासारखं लंगडणं कुणाला जमत नाही. मी मान खाली घालायचो. त्यांना तो विनय वाटायचा.

हे लंगडणं मी आमच्या अक्काकडून घेतलं.

आमचं गाव परळी तालुक्यात, धर्मापुरीच्या पुढं. आई-बाप दरसाल दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊस तोडायला जायचे, पश्चिमेकडच्या सहकारी साखर कारखान्यावर. तिकडं उसाला पाणी होतं, इकडं प्यायला नव्हतं. घरी अक्का आणि मी. ती एकोणीसची, मी सोळाचा. तिचं लग्न ठरलेलं होतं. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की आई-बाप परतणार आणि बार उडणार, असा बेत होता.

त्या साली दुष्काळ असा होता की गावच्या थोरल्या विहिरीत चाकानं पाणी काढायची सोयच उरली नव्हती. तळाच्या खडकात परातीएवढी खळगी होती, तिच्यात झिरपेल तेवढंच पाणी. मग कुणीतरी आत उतरायचं, वाटीनं हंडा भरायचा, आणि वरच्यानं दोरानं ओढून घ्यायचा. अक्का उतरायची, मी वर थांबायचो. विहिरीच्या बांधकामात बाहेर काढलेले दगड होते, त्यांच्यावर पाय देत ती जायची. पण चढताना कमरेला दोर लागायचाच, कारण वरचे दोन-तीन दगड हलत होते.

आत ओरडून उपयोग नसतो. आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत, घसा मात्र कोरडा पडतो. म्हणून गावात ठोक्यांची रीत होती. वाटी हंड्यावर वाजवायची. दोन ठोके म्हणजे भरला, ओढ. तीन ठोके म्हणजे थांब, अजून भरायलीय. लहानथोर सगळ्यांना हे ठाऊक.

त्या दिवशी सकाळी अक्का आत होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला टँकरचा हॉर्न वाजला. टँकर चार दिवसांनी यायचा, तोही सांगून नाही. आधी पोचला त्याचं भरलं, उरला तो राहिला. मी दोन घागरी उचलल्या. तेवढ्यात विहिरीतून ठोके आले. टण, टण.

मी ऐकले. हे पहिल्यांदाच लिहितोय, म्हणून पुन्हा लिहितो. मी ऐकले. मनात म्हटलं, टँकर निघून जाईल, अक्का कुठं जातेय? आणि पळालो. वडाच्या झाडापाशी पोचलो तेव्हा पुन्हा आले. टण, टण. पुढं शाळेची भिंत लागली, तिथं अगदी बारीक, टण, टण. मग टँकरच्या गर्दीत काहीच ऐकू आलं नाही.

दोन्ही घागरी भरून, खुशीत परत आलो. अक्का बराच वेळ वाट बघून स्वतःच चढायला लागली होती. वरचा दगड निसटला. ती खाली खडकावर पडली होती आणि हंडा तिच्याशेजारी लवंडला होता. माणसं गोळा झाली, तिला वर काढलं. मी रडत एकच म्हणत होतो, "अक्का, मला ऐकूच आलं न्हाई. टँकरचा लई गलका व्हता."

तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "व्हय रे. कसं ऐकू यील?"

आधी गावातल्या हाडवैद्यानं पाय बांधला. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायला पंधरा दिवस गेले, तोवर हाड वाकडं जुळलं होतं. लग्न मोडलं. नवऱ्याकडच्यांनी निरोप धाडला, कोयत्याच्या कामाला दोन पाय लागतात.

मला घरात बसवेना. अक्का चुलीपासून दारापर्यंत गेली तरी माझ्या कानात जायची. एक पाऊल पडायचं, दुसरं ओढलं जायचं. दोन महिन्यांनी मुंबईला निघून आलो. स्टुडिओत झाडू मारायचं काम मिळालं.

तिथं रहमतचाचा होते, या कामातले उस्ताद. एकदा त्यांचं लंगड्या पहारेकऱ्याचं काम चाललं होतं आणि ते दुखरा पाय जोरात आपटत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "चाचा, तसं नसतं. दुखरा पाय वाजत नाही. चांगला वाजतो. सगळा भार त्याच्यावर येतो."

चाचांनी बघितलं. पायातले बूट काढले आणि माझ्यापुढं ठेवले. "चल, चलके दिखा."

मी चाललो. चाचांनी पडद्यावरचं चित्र थांबवायला लावलं. मग म्हणाले, "किसका पाँव है ये?" मी सांगितलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून झाडू दुसऱ्याच्या हातात गेला. त्या माणसानं मला भाकरी दिली, हुन्नर दिला. चाचांचं ऋण रोज आठवतं, आणि प्रत्येक वेळी हेही आठवतं की ते बूट मला कुणाच्या पायामुळं मिळाले.

तिकडं गावात बायकांची सहकारी दूध संस्था निघाली. चालण्याचं काम नको म्हणून अक्काला मापावर बसवलं. आज ती सचिव आहे. कॅनवर बोटाच्या पेरानं टकटक करून दूध कुठवर आलंय ते सांगते, आणि दुधात पाणी घालणारीला पाचजणींत विचारते, "कावून गं, तुझी म्हैस विहिरीत पडली व्हती का?" लग्न केलं नाही. मी सणाला जायचो, साडी न्यायचो, दोन दिवसांत परत निघायचो. ती म्हणायची, "पाय टिकंना तुझा." मी हसायचो.

तीन वर्षांमागं पुण्याकडचा एक तरुण दिग्दर्शक आमच्याकडं आला. त्याचा हिंदी सिनेमा, मनात भीती घालणारा. गोष्ट अशी. एक माणूस डोंगरात ध्यानकेंद्र चालवतो, जगाला मनःशांती शिकवतो. तरुणपणी त्याची गाडी दरीत गेली होती. हा बाहेर पडला, मित्र आत अडकला होता, आतून दार ठोकत होता, आणि हा पळून गेला होता. आता ध्यानाला बसला की त्याला ते ठोकणं ऐकू येतं. भिंतीतून, पाण्यातून, पेल्यातून. दुसऱ्या कुणालाच येत नाही.

गोष्ट सांगून तो म्हणाला, "काका, सगळा सिनेमा त्या ठोक्यांवर उभा आहे. ते तुम्ही करायचे."

मला घाम फुटला. त्याला वाटलं, एसी बंद आहे.

मी भंगारातून गाडीची दारं आणली. मुठीनं वाजवली, कोपरानं, फडकं गुंडाळून. लाकूड, पत्रा, रिकामं पिंप. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मान हलवायचा. "ऐकू येतंय काका, पण भीती नाही वाटत. आत कुणी नाहीये." आठवडाभर हेच चाललं. शेवटी तो जरा ओशाळून म्हणाला, "गुरुवारपर्यंत बघू. नाहीतर कॉम्प्युटरमधले तयार ठोके घेतो." स्टुडिओवाले आधीच म्हणत होते की या माणसाची आता गरज काय. ठोके जमले नाहीत तर माझं काम संपलं, एवढं मला कळलं.

आणि आवाज मला ठाऊक होता. तोच अडचणीचा होता. तो केला तर पडद्यावर लागणार, आणि तो आवाज कुठल्या दिवसाचा ते ओळखणारं जगात एकच माणूस होतं, अक्का.

तीन दिवस टाळलं. बुधवारी जुन्या बाजारात जाऊन पोचा पडलेला पितळी हंडा आणला आणि स्टीलची वाटी. स्टुडिओच्या जिन्याखाली खोल, ओली पोकळी आहे, तिच्यात हंडा ठेवला, तळाशी थोडं पाणी घातलं. माईक वर, तीन मजले. वाटी धरली आणि हात आपोआप चालला. टण, टण.

वर आलो तर दिग्दर्शकानं कानावरचे हेडफोन काढून हातात धरले होते. "काय होतं हे?"

"हंडा."

"दोनच का वाजवले?"

"दोनच असतात."

त्यानं ठोके पुन्हा लावून ऐकले. थोड्या वेळानं म्हणाला, "यात माणूस आहे काका." मग त्यानं ते ठोके सिनेमाभर पेरले. शेवटी नायक पोलिसांत जाऊन सगळं सांगतो आणि आवाज थांबतो. तिथं त्यानं मिनिटभर काहीच ठेवलं नाही. पावलंसुद्धा नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मला काही न करण्याबद्दल शाबासकी मिळाली.

सिनेमा मोबाइलवर आला. अक्काचा फोन, "डेअरीत मोठ्या टीव्हीवर लावायलोत तुझा पिच्चर. समद्या बाया म्हनत्यात. तू ये."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. मे महिना होता, पुन्हा कोरडं साल. परळीला उतरून गावी पोचलो. डेअरीसमोर टँकर उभा होता, तो बघून वाटलं, इथूनच मागं फिरावं.

दुपारी सकाळचं दूध रवाना झालं होतं. वीसेक बाया सतरंजीवर बसल्या होत्या. अक्का तिच्या खुर्चीत, मांडीवर कॅनचं झाकण, फडक्यानं पुसत होती. सुमन नावाची एक धीट बाई म्हणाली, "अक्का, पिच्चर भावाचा, अन् भाऊ तर कुठं दिसंना."

"त्यो दिसत न्हाई," अक्का म्हणाली. "ऐकू येतो."

मी पडदा बघितलाच नाही. अक्काचा हात बघत होतो. नायक ध्यानाला बसला. डोळे मिटले. टण, टण.

फडकं थांबलं.

एवढंच. मग पुन्हा चालू झालं, गोल गोल. पुढं ठोके जितक्यांदा आले तितक्यांदा फडकं थांबलं. बाया घाबरून एकमेकींना धरत होत्या, सुमन ओरडली, "अगं बया, दार उघड की त्याचं!" अक्का पडद्याकडं बघत राहिली. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

बाया गेल्या. अक्कानं स्टोव्हवर चहा ठेवला. मी मनात वाक्य जुळवत होतो. नायकाला लिहून दिलेलं होतं, मला कुणी दिलं नव्हतं. "अक्का," म्हटलं, "त्या दिवशी..."

"तू चुकलास," ती म्हणाली.

माझे कान सुन्न झाले.

"पिच्चरमधी दोन ठोके घातलेस. मी तीन वाजिवले व्हते."

मी नकळत बोटांवर मोजलं.

"तीन. थांब, अजून भरायलीय म्हनून. इसरलास का? मीच थांब म्हनले, तवा तू टँकरला गेलास ते बरुबरच गेलास." तिनं चहा गाळला. "उगं जिवाला लावून घेतलंस. आनी एवढ्या लांब जाऊन बसलास."

मी आयुष्यभर कानावर पोट भरलंय. चामड्याचा तळ आणि रबराचा तळ पलीकडच्या खोलीतून ओळखतो. मी काय ऐकलं ते मला ठाऊक आहे. विहिरीपाशी दोन, वडापाशी दोन, शाळेपाशी दोन. आणि माझ्यासमोर बसून, बशीत चहा ओतत, माझी बहीण त्या आवाजाच्या जागी दुसरा आवाज बसवत होती. सहज, सफाईनं. आमच्या खोलीत आम्ही हेच करतो. चित्र तेच ठेवायचं, आवाज बदलायचा, की बघणाऱ्याला वेगळंच घडलेलं दिसतं. तिनं तो कधी तयार केला असेल? आज दुपारी झाकण पुसता पुसता, की चाळीस वर्षांपूर्वी, "कसं ऐकू यील" म्हणाली तेव्हापासून जपून ठेवला होता?

"तीन व्हते का?" मी विचारलं.

"तीनच."

मी "बरं" म्हणालो. भेकडपणा म्हणा. तिनं इतक्या वर्षांनी दिलेली वस्तू तिच्या तोंडावर परत कशी करणार? पण गोड घशाखाली उतरावं तसं ते उतरलं नाही. म्हणून आज हे लिहितोय. अक्का, दोनच होते. मला ऐकू आले होते.

त्या दिवशी आमचं बोलणं तिथंच थांबलं, कारण बाहेर संध्याकाळचं दूध यायला लागलं. किटल्यांची रांग लागली. अक्का उठली, एक पाऊल पडलं, दुसरं ओढलं गेलं, आणि मापापाशी जाऊन बसली. मी भिंतीला टेकून बसलो. ती दूध मोजून कॅनमध्ये ओतत होती, तोंडानं कुणाची तरी खरडपट्टी चालू होती. एक कॅन भरला. तिनं मान वर केली नाही. झाकण दाबून बसवलं आणि वाटीनं त्याच्यावर वाजवलं.

टण, टण.

कॅन उचलणारा गडी बाहेर टेम्पोपाशी बिडी ओढत होता. त्याला काही ऐकू गेलं नाही.

मी उठलो. कॅनचे दोन्ही कान धरून तो उचलला. माझ्या वयाला तो जड होता.

"हळू," अक्का म्हणाली. "पायरी हाय तिथं."